पेशीच्या दारातली सालपटे: नागिणीच्या कुळातले विषाणू प्रतिकारसंस्थेला कसे चुकवतात

मित्रहो,

नागीण झाली असे कळले की आपल्याकडे घरातली मोठी माणसे अजूनही पहिला प्रश्न विळख्याचा विचारतात. तोंड आणि शेपूट जुळले तर माणूस दगावतो, हा समज इतका खोल रुजलेला आहे की माझ्या आजीला सत्तरीनंतर उजव्या बरगडीखाली नागीण उठली तेव्हा तिला आगीपेक्षा आणि ठणक्यापेक्षा त्याच भीतीने अधिक घेरले होते. रोज सकाळी ती माझ्याकडून पाठ तपासून घेई आणि फोडांची रांग कण्याच्या पलीकडे सरकलेली नाही ना, हे पुन्हा पुन्हा विचारी. ती रांग सहसा पलीकडे जात नाही, कारण हा विषाणू कण्याशेजारच्या एका चेतागंडिकेतून, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यातून, निघून तिच्या एकाच नसेच्या वाटेने त्वचेपर्यंत उतरतो आणि ती नस शरीराच्या एकाच बाजूला पसरलेली असते. आजीला हे समजावून सांगितल्यावर ती शांत झाली, पण मला एक प्रश्न चिकटला. तिला कांजिण्या झाल्या होत्या त्या लहानपणी. त्याच विषाणूने साठ वर्षांनी पुन्हा डोके वर काढले. ही साठ वर्षे तो तिच्याच शरीरात होता, आणि जे शरीर गोवराच्या विषाणूला पंधरवड्यात हुसकावून लावते आणि जन्मभर पुन्हा पाऊल ठेवू देत नाही, त्याने या पाहुण्याला साठ वर्षे का राहू दिले?

नागिणीचा विषाणू ज्या कुळातला आहे, त्या कुळाच्या नावातला ‘हर्पिस’ हा शब्द ग्रीक भाषेतल्या सरपटणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. ग्रीक वैद्यांना आणि आपल्या आजी-पणजींना त्वचेवरचा हा आजार पाहून सरपटणारा जीवच आठवावा, याचे मला नेहमी अप्रूप वाटते. आज या कुळातले नऊ विषाणू माणसाचे म्हणून ओळखले जातात. ओठावर जर, म्हणजे फोड, उठवणारा हर्पिस सिम्प्लेक्स आणि त्याचा जननेंद्रियांवरचा भाऊ, कांजिण्या आणि नागीण या दोन्हींना कारण असलेला व्हॅरिसेला झोस्टर, एपस्टाइन-बार विषाणू, सायटोमेगॅलो विषाणू, कापोसी सार्कोमा या कर्करोगाचा विषाणू, आणि लहान मुलांना ताप व पुरळ आणणारे आणखी तीन. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या पन्नाशीच्या आतल्या लोकांपैकी साधारण दोन तृतीयांश लोकांच्या शरीरात हर्पिस सिम्प्लेक्स-१ वस्तीला आहे. सायटोमेगॅलो विषाणू तर भारतातल्या बहुसंख्य प्रौढांमध्ये आढळतो. म्हणजे या सभागृहात बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या अंगात या कुळातला निदान एक तरी भाडेकरू आहे आणि तो आपल्याबरोबरच जाणार आहे.

तो टिकतो कसा, हे सांगण्याआधी त्याला शोधायची शरीराची पद्धत थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण विषाणूची प्रत्येक क्लृप्ती त्या पद्धतीच्या कुठल्या तरी एका टप्प्यावर बेतलेली आहे.

विषाणू पेशीच्या आत वाढतो. प्रतिपिंडे रक्तात आणि पेशींबाहेरच्या द्रवात फिरतात, त्यामुळे आत काय चालले आहे ते त्यांना दिसत नाही. मग बाधित पेशींना मारणाऱ्या प्रतिकारसंस्थेच्या शिपायाने, म्हणजे मारक टी-पेशीने, पेशी न फोडता आतली बातमी कशी काढावी? समजा, वाड्याच्या चौकीदाराला कुठल्याही खोलीत शिरायची मुभा नाही, पण प्रत्येक घराने आपल्या स्वयंपाकातली सालपटे रोज दाराबाहेर ठेवावीत, असा दंडक आहे. चौकीदार फक्त दारादारांतून फिरतो. कांद्याची, दोडक्याची, बटाट्याची साले त्याच्या ओळखीची आहेत. ज्या दारात कधी न पाहिलेले साल दिसेल, त्या घरात परका शिरला आहे हे त्याला आत न डोकावता कळते. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत हा दंडक अहोरात्र पाळला जातो. पेशीत तयार झालेल्या प्रथिनांपैकी काही प्रोटिअसोम नावाच्या पिंपासारख्या यंत्रात कापली जातात. त्यातून निघालेले छोटे पेप्टाइड तुकडे टॅप नावाचा वाहक ऊर्जा खर्चून आंतर्द्रव्यजालिकेच्या आत नेतो. तिथे एचएलए वर्ग-१ चे रेणू रिकामी खोबण घेऊन वाट पाहत असतात. आठ ते दहा अमिनो आम्लांचा तुकडा खोबणीत नीट बसला की तो रेणू गॉल्गी संकुलातून पेशीच्या पृष्ठभागावर जातो आणि तुकडा बाहेर धरून उभा राहतो. यालाच प्रतिजन-सादरीकरण म्हणतात.

हे कोडे एका दिवसात सुटलेले नाही. कॅनबेरा येथे रोल्फ झिंकरनॅगेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात उंदरांवर काम करताना पाहिले, की विषाणूविरुद्ध तयार झालेल्या टी-पेशी त्या विषाणूने बाधित झालेली कुठलीही पेशी मारत नाहीत. बाधित पेशीच्या पृष्ठभागावरचे ऊती-जुळणीचे रेणू (माणसात यांनाच एचएलए म्हणतात) स्वतःच्याच जातीचे असले तरच मारतात. टी-पेशी दोन गोष्टी एकत्र पाहते, परकेपणा आणि आपलेपणा, असा त्याचा अर्थ होता, आणि त्यासाठी दोघांना १९९६ चे नोबेल मिळाले. पण या दोन गोष्टी एकत्र दिसतात कशा, हे १९८७ पर्यंत डोळ्यांपुढे आले नव्हते. त्या वर्षी हार्वर्डमध्ये पामेला ब्योर्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचएलए रेणूची स्फटिकरचना उलगडली, तेव्हा रेणूच्या माथ्यावर एक खोबण दिसली आणि त्या खोबणीत रेणूचा भाग नसलेले काहीतरी अडकलेले दिसले. तो पेप्टाइडचा तुकडा होता. शुद्धीकरणाच्या साऱ्या प्रक्रियेत त्याने खोबण सोडली नव्हती. दारातले सालपट प्रथमच असे प्रत्यक्ष दिसले.

आता विषाणूकडे वळू. फ्लूच्या विषाणूची जनुकीय संहिता जेमतेम साडेतेरा हजार अक्षरांची असते. हर्पिस सिम्प्लेक्सची दीड लाखाहून अधिक आणि सायटोमेगॅलोची सुमारे दोन लाख पस्तीस हजार. फ्लूच्या विषाणूला एका माणसातून दुसऱ्यात उडी मारत राहायचे असते, म्हणून त्याला सडाफटिंग राहून चालते. हर्पिसविषाणू संसार थाटायला येतात, आणि त्यांच्या सामानाचा मोठा भाग यजमानाशी जमवून घेण्यासाठी असतो.

हर्पिस सिम्प्लेक्सचे उदाहरण सर्वांत स्वच्छ आहे. हा विषाणू पेशीत शिरला की अगदी पहिल्या टप्प्यात जी मोजकी प्रथिने बनवतो त्यांत आयसीपी-४७ नावाचे एक आहे. ते अवघ्या ८८ अमिनो आम्लांचे आहे. १९९५ मध्ये दोन गटांनी एकाच सुमारास दाखवून दिले, की ते टॅप या वाहकाला चिकटते आणि पेप्टाइड जालिकेत जाण्याची वाट बंद करते. ते हे नेमके कसे करते, हे न्यूयॉर्कमधल्या रॉकफेलर विद्यापीठात जू चेन यांच्या गटाने २०१६ मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपलेल्या चित्रांतून समोर आले. टॅपचे दोन अर्धे भाग ओंजळीसारखे पेशीद्रव्याच्या दिशेला उघडलेले असतात. पेप्टाइड त्या ओंजळीत पडले की ओंजळ मिटते आणि दुसऱ्या बाजूने उघडते. आयसीपी-४७ केसांतल्या आकड्यासारखे दुमडून त्या ओंजळीत खोल जाऊन बसते आणि तिथेच राहते. पेप्टाइडची जागा गेली आणि ओंजळ मिटण्याची हालचालही थांबली. सालपटे स्वयंपाकघरात पडून राहतात, एचएलएच्या खोबणी रिकाम्या राहतात, आणि रिकामा रेणू अस्थिर असल्यामुळे तो बाहेर जाण्याआधीच निकालात निघतो.

माणसाच्या टॅपवर इतके चोख बसणारे हे प्रथिन उंदराच्या टॅपवर फारसे चालत नाही. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी ही गोष्ट कायम लक्षात ठेवावी असे मला वाटते, कारण उंदरात हर्पिस सिम्प्लेक्स आटोक्यात आणणारी टी-पेशी माणसातही तेवढ्याच सहज आणेल, हा निष्कर्ष त्यामुळे डळमळतो. हे कुलूप माणसाच्याच दाराचे माप घेऊन घडवलेले आहे.

याच टॅपवर इतरांनीही हात मारला आहे, आणि हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. सायटोमेगॅलोचे यूएस-६ हे प्रथिन जालिकेच्या आतल्या बाजूने टॅपला धरते आणि पलीकडे, पेशीद्रव्याच्या बाजूला, त्याला ऊर्जेचा रेणू बांधता येऊ देत नाही. एपस्टाइन-बारचे बीएनएलएफ-२ए हे साठ अमिनो आम्लांचे प्रथिन पेप्टाइड आणि ऊर्जा दोन्ही अडवते. गाईगुरांना श्वसनाचा आजार आणणारा आणि आपल्याकडच्या गोठ्यांतही आढळणारा गोवंशीय हर्पिसविषाणू-१ टॅपची मोडतोडच करवून घेतो. या प्रथिनांत परस्परांशी साम्य नाही. म्हणजे प्रत्येक शाखेने ही वाट स्वतंत्रपणे शोधली. सगळ्यांना एकच ठिकाण का सापडले असेल? माझे मत असे, की एचएलएचे रेणू माणसामाणसांत वेगळे असतात, त्यांची हजारो रूपे नोंदली गेली आहेत आणि एका रूपाला धरून बनवलेले हत्यार दुसऱ्यावर चालेलच असे नाही, पण टॅप मात्र सर्वांमध्ये जवळजवळ सारखाच असतो. प्रत्येक घराचे दार निराळे असले तरी तिथवर जाणारा बोळ एकच असेल, तर तो बोळ अडवणे सोयीचे.

सायटोमेगॅलो विषाणू मात्र केवळ बोळ अडवून थांबत नाही. त्याच्या संहितेच्या एका टोकाला यूएस-२ ते यूएस-११ अशी जनुकांची ओळ आहे आणि तिच्यातली अनेक एचएलएविरुद्ध काम करतात. यूएस-३ संसर्गाच्या अगदी सुरुवातीला तयार होते आणि एचएलए रेणूंना जालिकेतच अडकवून ठेवते. त्यानंतर यूएस-२ आणि यूएस-११ येतात, आणि यूएस-६ त्यांच्याही मागून. यूएस-११ ची गोष्ट मी जरा थांबून सांगणार आहे, कारण विषाणूने आपल्याला पेशीविषयी काय शिकवले हे तिच्यातून सर्वांत चांगले दिसते.

१९९६ मध्ये हिड्डे प्लोख यांच्या प्रयोगशाळेत एमानुएल वीर्ट्झ आणि सहकारी यूएस-११ असलेल्या पेशींत एचएलएचे काय होते ते पाहत होते. पद्धत नेहमीची होती. पेशींना थोडा वेळ किरणोत्सारी अमिनो आम्ल द्यायचे, म्हणजे त्या वेळात बनलेली प्रथिने खुणेची होतात. मग साधे अमिनो आम्ल देऊन ठरावीक अंतराने पेशी फोडायच्या आणि खुणेचे प्रथिन जेलवर पाहायचे. साध्या पेशीत एचएलएचा पट्टा तासन् तास टिकतो. यूएस-११ असलेल्या पेशीत त्याचे अर्धे आयुष्य एका मिनिटाहूनही कमी भरले. प्रथिन जन्मते आणि जवळजवळ त्याच क्षणी नाहीसे होते. मग त्यांनी प्रोटिअसोमला रोखणारे औषध दिले. पट्टा परत दिसला, पण जरा खाली सरकलेला, म्हणजे रेणू किंचित हलका झालेला होता. त्याच्यावरची शर्करेची साखळी उतरवली गेली होती आणि तो पेशीद्रव्यात सापडत होता. ही साखळी एचएलएवर फक्त जालिकेच्या आत चढते. तेव्हा हा रेणू आधी आत गेला होता, साखळी चढवून घेतली होती, आणि मग कुणीतरी त्याला मागच्या मागे बाहेर खेचून, साखळी उतरवून, प्रोटिअसोमच्या तोंडी दिला होता.

जालिकेत बनलेली बिघडलेली प्रथिने जालिकेतच कुठेतरी नष्ट होत असावीत, असे बराच काळ मानले जाई. यीस्टवरचे प्रयोग आणि विषाणूवरचे हे प्रयोग या दोन्हींनी मिळून त्या सुमारास चित्र पालटले. अशी प्रथिने पडद्यातून उलट ओढून पेशीद्रव्यात आणायची आणि तिथे कापायची, ही पेशीची स्वतःचीच सफाईची व्यवस्था आहे. यूएस-११ ने नवे काही यंत्र आणलेले नव्हते. चांगल्या-धडधाकट एचएलएला टाकाऊ ठरवून त्याने सफाई कामगारांच्या हवाली केले होते. २००४ मध्ये यूएस-११ चाच माग काढत दोन प्रयोगशाळांनी डर्लिन-१ हे या ओढण्याच्या कामातले मानवी प्रथिन शोधले. फुप्फुसांत दाट चिकट स्राव साचणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात याच सफाई व्यवस्थेमुळे एक बऱ्यापैकी काम करू शकणारे प्रथिन बाहेर पडण्याआधीच नष्ट होते, म्हणून या शोधाचे महत्त्व विषाणूपुरते राहिले नाही. कापोसी सार्कोमाच्या विषाणूकडची के-३ आणि के-५ ही प्रथिने पृष्ठभागावर पोचलेल्या एचएलएला युबिक्विटिनची चिठ्ठी लावून परत आत ओढवतात आणि लयकारिकेत पाठवतात. त्यांच्यासारखी प्रथिने पुढे माणसातही सापडली.

इथे तुमच्यापैकी काहींच्या मनात शंका आली असेल आणि ती रास्त आहे. चौकीदाराने रोज सालपटे पाहायची असतील, तर ज्या दारात काहीच ठेवलेले नाही त्या दाराचा त्याला संशय यायला नको का? शरीराला तो येतो. स्टॉकहोममधील कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी १९८० च्या दशकात दाखवले, की नैसर्गिक मारक पेशी नावाच्या दुसऱ्या पथकाचे लक्ष नेमके रिकाम्या दारांवर असते. पृष्ठभागावर एचएलए नसलेली पेशी त्या मारतात. म्हणजे टी-पेशीपासून वाचण्यासाठी एचएलए काढला की विषाणू या दुसऱ्या पथकाच्या हाती सापडतो. सायटोमेगॅलोने यावर जे उत्तर काढले आहे, ते मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून काही वेळ नुसता बसलो होतो.

एचएलए कुळात एचएलए-ई नावाचा एक शांत सदस्य आहे. त्याच्या खोबणीत परक्याचा तुकडा सहसा बसत नाही. इतर एचएलए रेणू तयार होताना त्यांच्या आरंभीचा जो संकेत-भाग कापून टाकला जातो, त्यातला नऊ अमिनो आम्लांचा तुकडा तो धरतो आणि पृष्ठभागावर दाखवतो. त्याचा अर्थ एवढाच असतो, की आत एचएलएचे उत्पादन व्यवस्थित चालू आहे. नैसर्गिक मारक पेशीवरचा एक ग्राही हा तुकडा पाहतो आणि तिला शांत ठेवतो. हा नऊ आम्लांचा तुकडासुद्धा टॅपमधूनच जालिकेत जातो, आणि टॅप तर विषाणूने बंद केलेला आहे. तेव्हा विषाणूचे यूएल-४० हे प्रथिन आपल्या स्वतःच्या संकेत-भागात अगदी तोच नऊ आम्लांचा क्रम बाळगते. माणसाच्या अनेक एचएलए-सी रूपांत असतो तो, एका आम्लाचाही फरक न करता. शिवाय तो असा कापला जातो की टॅपची गरजच लागत नाही. टी-पेशीला दिसणारे दार रिकामे, पण मारक पेशीला दिसणारी ‘घरात सर्व ठीक’ ही पाटी जागच्या जागी. याखेरीज यूएल-१८ हे एचएलएसारखेच दिसणारे प्रथिन पृष्ठभागावर उभे राहून मारक पेशींवरच्या आणखी एका शांत करणाऱ्या ग्राहीला धरते, तर यूएल-१६ पेशीवरच्या धोक्याच्या खुणा आतच अडकवून ठेवते.

शरीरही हातावर हात ठेवून बसलेले नाही. एचएलए-ई ला ओळखणारा दुसरा एक ग्राही नैसर्गिक मारक पेशींवर असतो आणि तो पेशीला शांत करण्याऐवजी चेतवतो. सायटोमेगॅलोची बाधा झालेल्या अनेक माणसांत हा ग्राही असलेल्या मारक पेशींची संख्या वाढलेली आणि वर्षानुवर्षे टिकलेली दिसते. ही ओढाताण कुठल्याही एका बाजूने संपलेली नाही.

एपस्टाइन-बारबद्दल मी थोडक्यातच बोलतो. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशीत तो सुप्त राहतो, तेव्हा जवळजवळ सगळी जनुके मिटून बसतो. जे प्रथिनच बनत नाही त्याचे साल कुठून निघणार? पण पेशी विभागताना विषाणूची संहिता दोन्ही लेकींत जावी यासाठी ईबीएनए-१ हे एक प्रथिन त्याला बनवावेच लागते. त्या प्रथिनाच्या मध्यावर ग्लायसिन आणि ॲलानिन या दोनच अमिनो आम्लांची, दोनशेहून अधिक घरांची, लांबच लांब पुनरावृत्ती आहे. मारिया मासुची यांच्या गटाने १९९५ मध्ये दाखवले, की या पट्ट्यामुळे ईबीएनए-१ चे तुकडे सादर होत नाहीत. हा पट्टा प्रोटिअसोमच्या कापणीत अडथळा आणतोच, पण त्या प्रथिनाची निर्मितीही मंदावतो, हे नंतर उमगले. थोडे बनवायचे आणि बनवलेले टिकवायचे, अशी ही काटकसर आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. इतके सगळे पाहिल्यावर असे वाटते, की टी-पेशींना या विषाणूंचा पत्ताच लागत नसणार. प्रत्यक्षात उलट आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीनुसार सायटोमेगॅलोबाधित निरोगी माणसांच्या रक्तातल्या स्मृती-टी-पेशींपैकी सरासरी दहा टक्के पेशी या एकट्या विषाणूविरुद्धच्या असतात. आपल्या साऱ्या आयुष्यातल्या संसर्गांच्या आठवणींचा दहावा हिस्सा एकाच भाडेकरूसाठी. आणि त्या निकामीही नसतात. मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणानंतर प्रतिकार दाबणारी औषधे चालू झाली, किंवा एचआयव्हीमुळे टी-पेशी घटल्या, की हाच विषाणू डोळ्याचा पडदा, आतडी, फुप्फुसे यांवर चाल करून येतो. १९९२ मध्ये सिॲटल येथील संशोधकांनी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना दात्याच्या, सायटोमेगॅलोला ओळखणाऱ्या मारक टी-पेशी वाढवून दिल्या, तेव्हा रुग्णांत ती प्रतिकारशक्ती पुन्हा उभी राहिली. वयाबरोबर व्हॅरिसेला झोस्टरविरुद्धच्या टी-पेशी क्षीण होतात आणि नागीण उठते. माझ्या आजीच्या रक्तात कांजिण्यांची प्रतिपिंडे तेव्हाही असणार. थकला होता तो चौकीदार.

टी-पेशींना मुळात बातमी कळते कशी, हे कोडे तुलनेने सोपे आहे. लसिकाग्रंथींत टी-पेशींना पहिला धडा देणाऱ्या डेंड्रायटिक पेशी स्वतः बाधित असाव्या लागत नाहीत. मेलेल्या बाधित पेशींचे अवशेष त्या गिळतात आणि त्यातले तुकडे आपल्या एचएलएवर मांडतात. त्यांच्या आत विषाणू नसतो, म्हणून आयसीपी-४७ नसते आणि यूएस-११ ही नसते. त्यामुळे टी-पेशी शिकून तयार होतात. अडचण येते ती प्रत्यक्ष बाधित पेशीच्या दारात उभे राहिल्यावर. उंदरांच्या सायटोमेगॅलोतून सादरीकरण रोखणारी जनुके काढून टाकली, तरी टी-पेशींचा प्रतिसाद जवळपास तेवढाच आणि तसाच राहिला, हे याच्याशी जुळते.

मग या क्लृप्त्यांचा नेमका उपयोग काय? विषाणू शरीरात कायम राहावा म्हणून त्या आहेत, हे उत्तर मीही अनेक वर्षे वर्गात देत असे. २०१० मध्ये ओरेगनमधील स्कॉट हॅन्सन, क्लाउस फ्र्यू, लुई पिकर आणि सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माकडांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला आणि ते उत्तर अपुरे ठरले. १९९५ मध्ये आयसीपी-४७ चे काम दाखवून देणाऱ्यांपैकी एक फ्र्यूच होते. माकडांच्या सायटोमेगॅलोमधून त्यांनी यूएस-२ ते यूएस-११ हा सारा पट्टा काढून टाकला. पूर्वी कधी बाधा न झालेल्या माकडांत हा निःशस्त्र विषाणू व्यवस्थित शिरला आणि कायमचा राहिलाही. मात्र ज्या माकडांच्या अंगात आधीपासून सायटोमेगॅलो होता, त्यांच्यात तो पाय रोवू शकला नाही, आणि पट्टा शाबूत असलेला विषाणू मात्र त्याच माकडांत बिनदिक्कत दुसऱ्यांदा शिरला. बाधित माकडांतल्या मारक टी-पेशी औषधाने तात्पुरत्या काढून टाकल्या, तेव्हा निःशस्त्र विषाणूलाही आत जाता आले. म्हणजे राहण्यासाठी ही हत्यारे अनिवार्य नव्हती. सज्ज, शिकलेल्या, दहा टक्के फौज तैनात असलेल्या शरीरात नव्याने दाखल होताना, पहिल्या काही पेशींत बस्तान बसेपर्यंतचा जो अल्प वेळ लागतो, तो वेळ ही हत्यारे मिळवून देतात.

सायटोमेगॅलोवरची लस इतकी अवघड का, हे मला या प्रयोगावरून उलगडते. कांजिण्यांची लस जपानमध्ये मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्येच तयार केली होती आणि नागिणीवरही आज परिणामकारक लस आहे. सायटोमेगॅलोवर अजून एकही मान्यताप्राप्त लस नाही, आणि गर्भावस्थेतल्या त्याच्या संसर्गामुळे जगभर बाळे श्रवणदोष घेऊन जन्माला येतात. पूर्वी बाधा झालेल्या आईलाही नव्या वाणाचा संसर्ग होऊ शकतो आणि तो बाळापर्यंत जाऊ शकतो. नैसर्गिक संसर्गाने उभी राहिलेली एवढी मोठी फौज जिथे दुसऱ्या प्रवेशाला अटकाव करू शकत नाही, तिथे लसीने त्याहून निराळे काहीतरी करायला हवे: विषाणू पेशीत शिरण्याआधीच, म्हणजे सादरीकरणाचा प्रश्न उद्भवण्याआधीच, त्याला गाठणारी प्रतिपिंडे, किंवा यूएस-२ ते ११ ज्यांना हात लावत नाहीत अशा रेणूंवरून ओळख पटवणाऱ्या टी-पेशी.

उलट दिशेनेही या ज्ञानाचा उपयोग झाला आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकेत त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगावर एका जनुकबदल केलेल्या हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूला औषध म्हणून मान्यता मिळाली. तो थेट गाठीत टोचतात. चेतापेशींना अपाय होऊ नये म्हणून त्यातले एक जनुक काढलेले आहे, आणि काढलेले दुसरे जनुक आहे आयसीपी-४७ चे. हा विषाणू गाठीतल्या पेशीत शिरतो आणि वाढतो, पण त्या पेशीचा टॅप उघडा राहतो. विषाणूच्या तुकड्यांबरोबर कर्कपेशीचे स्वतःचे बदललेले तुकडेही पृष्ठभागावर जात राहतात आणि टी-पेशींना दिसतात.